नाणं धुतलंय का? नमुना-पेटीच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, जळगाव

आमच्या नाणेसंग्राहकांच्या बैठकीत हल्ली दर वेळी एकच प्रकार होतो. नवीन मुलगा खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातला राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचा) चांदीचा रुपया काढतो. रुपया आरशासारखा चमकत असतो आणि चमकतो म्हणूनच त्याने चार पैसे जास्त मोजलेले असतात. नाणं पुसलेलं आहे, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरली, हे त्याला सांगताना जीव तुटतो. का उतरली ते तोंडी सांगून कळतही नाही. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या ग्रेडिंग कंपन्या खऱ्या नाण्याला १ ते ७० मधला आकडा देतात, पण नाणं घासलेलं, धुतलेलं निघालं तर सहसा आकडा देत नाहीत. फक्त ‘डीटेल्स’ एवढाच शेरा मारतात. इतका फरक पडतो.

म्हणून नमुना-पेटी करायचं ठरवलं. एकाच प्रकारची नाणी घ्यायची, प्रत्येकावर वेगळा घरगुती किंवा बाजारी उपाय करायचा, शेजारी न धुतलेलं नाणं ठेवायचं. ज्याला शिकायचं त्याने दिव्याखाली स्वतःच्या हाताने फिरवून पाहावं.

नियम एकच. ढिगाने मिळणारी, झिजलेली नाणीच घ्यायची. तांब्यासाठी पंचम जॉर्जच्या काळचं पाव आण्याचं नाणं (खरं तर ब्राँझचं, पण ते मुख्यतः तांबंच), चांदीसाठी मोडीच्या भावात जाणारे रुपये. दुर्मीळ वर्षाचं, दुर्मीळ टांकसाळीचं एकही नाणं या कामी येणार नाही.

१० ऑगस्ट

उद्या कानबाईचा सण, घरात रोटांची गडबड आणि पाहुणे. माडीवरच्या खोलीत टेबल लावलं. एक साधा पिवळा बल्ब, दहापट मोठं दाखवणारं भिंग, काळं मखमली कापड. ट्यूबलाइट बंद. चारी बाजूंनी पसरलेल्या उजेडात घासलेल्या रेघा दडतात, एकाच बाजूने येणाऱ्या उजेडात त्या उघड्या पडतात.

आधी न धुतलेलं नाणं नीट वाचता यायला हवं. एका मित्राने १९१९चा, जवळजवळ न वापरलेला रुपया पाहायला दिला. कडेला धरून बल्बखाली हळूहळू कलता केला की सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे उजेडाचे दोन पट्टे मधून कडेकडे फिरतात. याचं कारण नाणं पाडण्याच्या क्रियेत आहे. ठशाचा दाब पडताच चांदी मधून बाहेरच्या बाजूला वाहते आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म सऱ्या पृष्ठभागावर राहून जातात. त्या सऱ्यांवरून उजेड परतला की पट्टा फिरताना दिसतो. ही झळाळी टांकसाळीतच मिळते, पुन्हा कोणी देऊ शकत नाही. घासलं की सऱ्या सपाट होतात, आम्लात बुडवलं की त्यांची टोकं विरघळतात.

राजाच्या अंगरख्यावरचा छोटा हत्तीही भिंगाखाली पाहिला. १९११च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो म्हणून बरीच ओरड झाली होती आणि १९१२ पासून सोंड ठळक केली गेली. इतक्या बारीक नक्षीवर घासण्याचा परिणाम लवकर कळतो, म्हणून तपासायच्या जागांमध्ये हत्ती पक्का.

१८ ऑगस्ट

तांब्याचा दिवस. पाव आण्याची नाणी साध्या पाण्यातून काढून सुकवली आणि एकेकावर एकेक उपाय केला: चिंचेचा कोळ, लिंबू-मीठ, टूथपेस्ट, चुलीची राख आणि काथ्या, भांड्यांची पावडर. प्रत्येकाची चिठ्ठी त्याच वेळी लिहून सोबत ठेवली.

चिंचेने काही मिनिटांतच काळपट तपकिरी थर गेला. खाली जे दिसलं तो नव्या तांब्याचा लाल रंग नाही, सॅल्मन माशासारखा गुलाबी म्हणावा तसा कच्चा रंग आहे. टांकसाळीतून आलेल्या तांब्याच्या नाण्याचा लालसरपणा तकतकीत असतो आणि तोही अक्षरांच्या आडोशाला जास्त टिकतो, कारण तिथे बोटं लागत नाहीत. इथे उलटं झालं. उघडी सपाट जागा गुलाबी, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात मात्र जुना काळा मळ तसाच. ही खूण इतकी स्पष्ट आहे की भिंगही लागू नये.

टूथपेस्टचं नाणं लांबून सगळ्यात सुंदर दिसतं. भिंगाखाली मात्र सगळीकडे केसाएवढ्या बारीक रेघा, बोट जसं गोल फिरलं तशा वळणाच्या. दात घासायच्या पेस्टमध्ये खडूसारखी किंवा सिलिकाची भुकटी असते, ती धातूवर ओरखडे काढणारच. राख-काथ्याच्या रेघा जाड आणि सरळ, एकाच दिशेच्या, गठ्ठ्यागठ्ठ्याने.

व्यवहारात फिरून आलेल्या नाण्यावरही ओरखडे असतात, पण ते कुठल्याही दिशेचे, कमीजास्त खोलीचे, एकमेकांशी संबंध नसलेले. पुसलेल्या नाण्याच्या रेघांना हाताची दिशा असते.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. पावसाने उघडीप दिलेली नाही, खोलीतली हवा दमट. पेटी उघडून पाहिली.

लिंबू-मिठाच्या नाण्यावर फिकट हिरवे ठिपके आलेत आणि सुईने स्पर्श केला की भुकटी सुटते. मिठातला क्लोराइड तांब्यात शिरला की दमट हवेत ही कीड चालू होते आणि आतल्या आत नाणं खात राहते. जुन्या तांब्यावर वर्षानुवर्षांनी बसलेला हिरवा थर वेगळा असतो. तो घट्ट, गुळगुळीत, गडद असतो, नखाने निघत नाही. त्याला हात लावायचं कारण नाही. भुकटी सुटणारा हिरवा मात्र रोग आहे. ते नाणं ताबडतोब वेगळ्या डबीत टाकलं.

चिंचेचं नाणं डागाडागांनी काळवंडतंय. दाबून धरलेल्या बोटाचा ठसाही त्यावर उमटून आलाय. थर नसलेलं तांबं हवेतलं, हातावरचं सगळं ओढून घेतं. धुतल्यानंतर नाणं ‘स्वच्छ’ राहतं ही समजूत जळगावच्या एका पावसाळ्यातच खोटी पडते.

१५ सप्टेंबर, अमळनेर

चांदीसाठी आत्याकडे गेलो. आमच्या भागात घासलेले रुपये जितके बाजारातून येतात त्याहून जास्त देवघरातून येतात, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे. लक्ष्मीपूजनाला कलदार (इंग्रजी अमदानीतले, यंत्रावर पाडलेले चांदीचे) रुपये काढायचे, चिंच-राखेने लख्ख करायचे, हळदीकुंकू वाहायचं आणि पुन्हा कापडात बांधून ठेवायचे. पिढ्यानपिढ्या.

आत्याने पितळी डबा उघडला. मी भिंग काढलेलं पाहून म्हणाली, “काय करी राह्यना रे?” मी सांगितलं की धुतल्याच्या खुणा बघतोय. त्यावर तिचा प्रश्न सरळ होता. काळी लक्ष्मी पूजाले कशी ठेवानी?

तिचं म्हणणं मला तोडता येत नाही आणि तोडायचंही नाही. ज्या हाताने ते रुपये घासले त्याच हाताने ते विकायचा मोह दुष्काळातही टाळला. पण रुपये काय सांगतात ते लिहून ठेवतो.

१८६२चा राणीछाप. राणीचा गाल, मुकुटाची टोकं, वस्त्रावरची नक्षी सगळं झिजून सपाट झालेलं. इतकं फिरलेल्या चांदीचा रंग राखाडी असायला हवा, खोलगट जागा काळसर आणि उठाव थोडा उजळ. हा रुपया मात्र सगळीकडून सारखाच पांढरा. इथेच निदान होतं. झीज एक सांगते आणि चमक दुसरं सांगते, तर नाणं धुतलेलं आहे. या एका मेळावर मी बाकी सगळ्या खुणांपेक्षा जास्त भरवसा ठेवतो. भिंग नसलेल्या माणसालाही तो तपासता येतो.

मग दिव्याखाली धरला. उजेडाचे पट्टे फिरत नाहीत. नाणं एकदम चमकतं किंवा एकदम विझतं. एका कोनात धरलं की राणीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत रेघांचं जाळं उठतं, थोडं वळवलं की नाहीसं होतं. म्हणून नाणं एकाच कोनात पाहून निकाल देऊ नये, पूर्ण फेरी द्यावी. अक्षरांच्या पोटात करड्या रंगाची वाळलेली भुकटी अडकली आहे आणि एका ठिकाणी लालसर ठिपका, बहुतेक कुंकवाचा. बाजारात घासलेल्या रुपयावर कुंकू सापडत नाही. पूजेचा रुपया असा ओळखू येतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. टांकसाळीत ठसा घासून साफ करत, त्याच्या रेघाही नाण्यावर उतरतात. पण ठशावर खोदली गेलेली रेघ नाण्यावर उंचावलेली येते आणि अक्षरापाशी, चेहऱ्यापाशी थांबते. नंतर घासल्याची रेघ धातूत खोल असते आणि मोकळ्या जागेवरून सरळ अक्षराच्या माथ्यावर चढते. आत्याच्या डब्यातला १९०७चा सातव्या एडवर्डचा रुपया पहिल्या प्रकारचा निघाला. त्याच्या रेघा ठशाच्या आहेत. तो एकटाच कधी घासला गेलेला नाही, कारण तो खणाच्या तळाशी अस्तराखाली अडकून राहिला होता. काळपट, कडेला निळसर. आत्याला तोच सगळ्यात मळका वाटत होता.

२९ सप्टेंबर, भुसावळ

चांदीचं काम करणारे एक जुने कारागीर, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या दुकानात बसून पॉलिशचं चक्र कसं चालतं ते पाहिलं. चक्रावर लाल मसाला, वर नाणं, आणि चांदी क्षणात आरसा. आबांनी स्वतःच दाखवलं की अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि नाण्याची काठावरची धार मऊ पडते. आरशासारखी मोकळी जागा आणि बोथट अक्षरं एकत्र दिसली की चक्र फिरलेलं आहे. तारेचा ब्रश फिरवला तर आणखी वेगळं होतं. धातू ढकलला जाऊन अक्षराच्या एका बाजूला बारीक बांध साचतो आणि उजेड खोटाच लकाकतो. त्यात फिरणारे पट्टे मात्र नसतात.

वजनावरून निदान होईल का, असं मी विचारलं. रुपया म्हणजे पुरा तोळा, ११.६६ ग्रॅम. पण व्यवहारातली झीजही वजन कमी करते, त्यामुळे काटा काही बोलत नाही. आबांचंही तेच मत.

त्यांच्याकडून खरं शिकायला मिळालं ते कड्यांचं. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे रुपयांचे हार घालतात. रुपयाच्या काठाला कडी झाळून बसवलेली असते. हार मोडला की कडी काढून तिथे कानस मारतात आणि मग झाळ लपवायला सगळा रुपया घासतात. म्हणजे घासलेला रुपया हातात आला की काठ फिरवून पाहायचाच, विशेषतः राजाच्या डोक्याच्या वरची बाजू. दातेरी काठातले दोन-चार दाते सपाट, तिथल्या चांदीचा रंग किंचित पिवळसर, शेजारी लहानसा खळगा. आबांनी बोट ठेवलं तिथे मला आधी काहीच दिसलं नव्हतं. हा नमुना त्यांनी पेटीसाठी दिला.

कडीचा रुपया कमअस्सल नाही. कोणाच्या तरी गळ्यातला तो दागिना होता, आणि हार अखंड असेल तर तो मोडून रुपये वेगळे विकणं मला तरी पटत नाही.

६ ऑक्टोबर

धुतलेलं नाणं लपवायला पुन्हा काळं केलं जातं, त्याचे नमुने. बाजारातून एक ‘जुन्या टोनिंगचा’, म्हणजे काळाने रंग चढलेला म्हणून विकला जाणारा, रुपया मुद्दाम घेतला.

चांदी हवेतल्या गंधकाने रंगते. सल्फाइडचा थर जसजसा जाड होतो तसा रंग बदलतो: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी-तांबूस, मग जांभळा, मग निळा. हा क्रम निसर्ग चुकवत नाही. या रुपयावर पांढऱ्या चांदीला लागूनच गर्द निळा आहे, मधला पिवळा-तांबूस गायब. रंग नक्षीकडे न पाहता वरून ओघळल्यासारखा पसरलाय. आणि भिंगाखाली घासल्याच्या रेघा रंगाच्या खाली स्पष्ट दिसतात. म्हणजे आधी घासलं, मग रंगवलं.

तांब्याच्या एका नाण्यावरचा तपकिरी ‘पॅटिना’ (काळाने चढणारा थर) संशयास्पद तकतकीत होता. कापसाच्या काडीला शुद्ध ॲसिटोन लावून काठाला टेकवली तर काडी तपकिरी झाली. बुटाचं पॉलिश असावं, किंवा रंगीत मेण. खरा थर ॲसिटोनने सुटत नाही, कारण तो धातूचाच झालेला असतो. ॲसिटोन खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर वापरायचं, हे चिठ्ठीवर ठळक लिहिलं आहे.

डिप केलेला, म्हणजे आम्लाच्या द्रावणात बुडवून काढलेला रुपयाही पेटीत घातला. त्याच्यावर रेघ नाही, ओरखडा नाही, म्हणून तो सगळ्यात अवघड. अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात पांढरा केलेला शेजारी ठेवला. दोघांचाही पांढरेपणा निर्जीव आहे, खडूसारखा. १९४० ते १९४५च्या रुपयात चांदी निम्मीच, त्यामुळे तिथे आणखी फसगत होते. आम्ल वरचं तांबं खाऊन टाकतं आणि मागे उरलेला चांदीचा पातळ थर नाण्याला होतं त्यापेक्षा श्रीमंत दाखवतो.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि मोगली रुपये. यांना वरचे निकष जसेच्या तसे लावू नयेत असं माझं ठाम मत आहे.

जमिनीतून निघालेलं नाणं मातीच्या, क्षाराच्या कवचात असतं. ते वाचण्यासाठी कोणीतरी साफ केलेलंच असतं. प्रश्न इतकाच की कवच काढलं की धातू सोलला. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरं चॉकलेटी थरासकट उभी असतील तर काम जाणत्याने केलं. तीच शिवराई लिंबाने गुलाबी करून अक्षरांत पांढरी पावडर भरलेली असेल तर विक्रेत्याने केलं, फोटोत उठून दिसावी म्हणून.

बुऱ्हाणपूर खानदेश सुभ्याचं ठाणं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर फारुकी राज्य संपलं आणि पुढे तिथल्या टांकसाळीतून मोगली रुपये निघत राहिले. आमच्या गटातल्या एकाकडे शाहजहानच्या काळचा बुऱ्हाणपुरी रुपया आहे. त्यावर छोटे छोटे खड्डे आहेत, ते सराफांनी चांदी पारखायला मारलेले ठसे. ते घासल्याची खूण नव्हेत. उलट त्या ठशांच्या आतही काळेपणा सारखाच असेल तर नाणं फार काळ कोणी छेडलेलं नाही, असा अंदाज बांधता येतो.

संध्याकाळी शिरपूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. नांगरताना गाडगं लागलं, आत नाणी आहेत, लिंबाने धुऊन फोटो पाठवू का म्हणाले. धुऊ नका, मातीसकट तशीच ठेवा आणि तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा असं सांगितलं. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांवरच्या किमतीची पुरलेली ठेव कळवणं बंधनकारक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुठली नाणी कुठल्या नाण्यांना चिकटून होती हीच इतिहासाची खरी माहिती. लिंबाच्या पाण्यात ती पहिली जाते.

२७ ऑक्टोबर

परवा धनत्रयोदशी. दिवाळीआधी घरोघरी वाटायला अर्ध्या पानाचा मजकूर केला. त्यात ‘पूजेतलं नाणं धुऊ नका’ असं एवढंच लिहिलेलं नाही, कारण तसं लिहिलं तर कोणी वाचणारही नाही. पूजेला सराफाकडचं नवीन चांदीचं नाणं घ्या आणि हवं तितकं उजळा. जुने कलदार शेजारी तबकात ठेवा, हळदीकुंकू त्यांच्यावर न वाहता तबकाला वाहा. ओलं झालंच तर साध्या पाण्यातून काढून मऊ सुती कापडावर टिपा. टिपायचं, पुसायचं नाही. नाणं कडेने धरायचं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवायचं नाही, त्यातून हिरवट चिकट पदार्थ सुटून नाण्यावर बसतो.

आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तबकाचं तिला चाललं. १९०७चा एडवर्ड या वर्षी तबकात ठेवते म्हणाली, काळा असला तरी.

१० नोव्हेंबर, जळगाव

पेटी बैठकीत मांडली. प्रत्येकाने चिठ्ठ्या न पाहता नाणी दोन बाजूंना लावायची. टूथपेस्ट, राख, चक्र हे प्रकार मुलांनी पटकन ओळखले. डिप केलेल्या रुपयावर बहुतेक अडखळले. झिजलेलं असूनही इतकं पांढरं कसं, हा प्रश्न एका मुलीने उभा केला आणि मग बाकीच्यांना ते दिसलं.

वाद झाला तो १८८५च्या मुंबई टांकसाळीच्या एका रुपयावर. रंग राखाडी, खोलगट जागा काळ्या, झीज आणि रंग यांचा मेळ बसतो. तरी एका कोनात राणीच्या मानेमागे बारीक समांतर रेघा आहेत, आणि त्या रंगाच्या खाली आहेत. एकाचं म्हणणं, कोणीतरी फार पूर्वी फडक्याने पुसलं आणि त्यावर पुन्हा नैसर्गिक थर चढला. दुसऱ्याचं म्हणणं, थरच खोटा. रंगाचा क्रम बरोबर आहे, ॲसिटोनने काही सुटलं नाही, म्हणून मी पहिल्याच्या बाजूचा. जुनी पुसणूक, नंतरचा खरा थर. चिठ्ठीवर तसं लिहून खाली दोन्ही मतं नोंदवली आणि रुपया पेटीत मधोमध ठेवला. पुढच्या बैठकीत तांब्याची जुनी हिरवी नाणी घ्यायची आहेत, कीड कुठली आणि थर कुठला ते सुईने दाखवायला.